मिरचीला दाद न देणाऱ्या पेशी

आईला नागीण झाली तेव्हा मी पुण्यात एम.एस्सी. करत होतो. गेरू लावण्यात आठवडा गेला. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत सुरू झालेल्या बऱ्या, हे नंतर कळलं. मी गावी, अलोऱ्याला पोचलो तोवर फोड सुकले होते, पण बरगडीवरची आग जाईना. पदर घासला तरी ती कळवळायची. डॉक्टर म्हणाले, कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागाठींत दडून राहतो आणि उठला की तिथल्याच चेतापेशींना इजा करतो. प्रकल्पासाठी मी त्याच पेशींचा विषय घेतला.

गाठींतल्या पेशींसाठी प्राणी मारावे लागतात, शिवाय त्या विभागून वाढत नाहीत. म्हणून सरांनी 'एनडी७/२३' दिल्या. नवजात रॅटच्या मज्जागाठींतल्या पेशी आणि माउसच्या चेतापेशींचा कर्करोग यांच्या संकरातून १९९०च्या सुमारास तयार झालेल्या या पेशी भराभर वाढतात.

मी त्यांवर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट, सोडलं. वेदनेच्या पेशीवर 'टीआरपीव्ही१' नावाचं दार असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ साली शोधलं. त्यांच्या २०२१च्या नोबेलमागे हे काम होतं. तिखटाने दार उघडलं की कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीत आधी भरलेला रंग चमकतो. माझ्या पडद्यावर काहीच चमकलं नाही. द्रावण नवं केलं, रंग बदलला. तरी अंधारच. त्या रात्री घरी फोन लावला, पण आईशी काय बोलावं सुचेना.

लॅबमधल्या ताईने आयोनोमायसिन टाकून बघायला सांगितलं. ते दाराची वाट न बघता कॅल्शियम आत सोडतं. सगळ्या पेशी लगेच उजळल्या. म्हणजे रंग आणि कॅमेरा ठीक होते. पीसीआर केल्यावर कळलं, या पेशींत ते दार बनवण्याचा जनुकीय संदेशच जवळजवळ नव्हता. त्या चेतापेशींसारख्या व्हाव्यात म्हणून सीरम कमी करून फोर्स्कोलिन दिलं, तेव्हा त्यांना लांब तंतू फुटले. दिसायला अगदी चेतापेशी, पण तिखटाला दाद नाहीच.

शेवटी नैतिकता समितीची परवानगी घेऊन रॅटच्या गाठींतल्या पेशी वाढवल्या. कॅप्सेसिन पडताच त्यांतल्या काही लहान पेशी चमकल्या. मोठ्या बहुतेक तशाच राहिल्या. मला फार बरं वाटलं.

'एनडी७/२३' टाकाऊ नाहीत. वेदनेशी निगडित सोडियम वाहिनीचं जनुक बाहेरून घालून तिचा अभ्यास करायला त्या चांगल्या. पण आपल्याला हवं ते दार पेशीत आहे का, हे पहिल्याच आठवड्यात पीसीआरने बघून घ्या, आणि प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी आयोनोमायसिन टाका.