पिंपळपानाचं टोक

रात्री साडेदहाला जबलपूरहून भावाचा फोन आला. "ताई, तीन मशीनची माहितीपत्रकं पाठवलीत. बाबांना मराठीत समजावून सांग. मी सांगायला गेलो की भांडण होतं."

मी बंगालीतून मराठीत कादंबऱ्या आणते आणि पोटासाठी इंग्रजीतून येईल ते करते: विम्याची कागदपत्रं, मिक्सरच्या सूचना, एकदा तर मत्स्यपालनाची पुस्तिका. तौलनिक साहित्यात एम. ए. करून ही पोरगी नक्की काय करते, हे बाबांना कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. घरच्यांनी माझ्या धंद्यातलं काम मला सांगण्याची ही पहिलीच वेळ.

बाबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत टर्नर होते. स्नूकर हा खेळ याच गावात, १८७५ साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने काढला असं सांगतात. वूलिचच्या लष्करी अकादमीत नव्याने आलेल्या कॅडेटला 'स्नूकर' म्हणत. त्याने तो शब्द चिडवायला खेळणाऱ्याला लावला आणि तो खेळालाच चिकटला. (एका शिवीवजा शब्दाचं एवढं भाग्य क्वचितच उजळतं.) बाबांना या इतिहासाशी घेणं नव्हतं. क्लबातल्या काठ्या दुरुस्तीला घरी येत. टिप बदलायची, पितळी फेरूल बसवायचं, वाकलेली काठी ओळखायची. पडवीत जुना लेथ होता. मग कुणीतरी एक अमेरिकन मासिक आणून दिलं आणि त्यातल्या पूल क्यूच्या चित्रांनी बाबांना वेड लावलं.

स्नूकरची काठी तशी साधी: अ‍ॅशच्या लाकडाचा दांडा, बुडाशी आबनुसाचे निमुळते जोड. अमेरिकन पूल क्यूचं मात्र बूड नटवलेलं असतं. मेपल, आबनूस, त्यात शिंपल्याचे चौकोन, ठिपके, पानं. जॉर्ज बालाबुश्का हा त्यातला मोठा कारागीर. रशियात जन्मला, ब्रुकलिनमध्ये काठ्या केल्या, १९७५ मध्ये वारला. 'द कलर ऑफ मनी' या १९८६ च्या सिनेमात त्याच्या नावाच्या काठीचा केवढा बडेजाव आहे. पडद्यावर दिसते ती काठी मात्र दुसऱ्याच कारखान्याची. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं केलं. खरी असती तर त्या पोराने फोडली असती."

बाबांनी स्वतःची नक्षी काढली: शिंपल्याचं पिंपळपान, लांब शेपटीचं. आबनुसात त्याची जागा छोट्या पटाशीने कोरायची. एका काठीवर चार पानं, एका पानाला एक दिवस. गेल्या दोन वर्षांत उजवा हात कापायला लागला आणि पानं थांबली. भावाकडे आता पूल पार्लरवाल्यांची मागणी येते, म्हणून त्याला टेबलावर मावेल असं सीएनसी मशीन हवं होतं. पैसे अर्थातच माझ्याकडून.

पहिलं मशीन '३०१८' जातीचं, म्हणजे ३० बाय १८ सेंटिमीटरचा पाट, हलकी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, स्वस्त. दुसरं मोठं, पण पट्ट्यांवर चालणारं. तिसरं आकाराने लहान, जड पायाचं, बॉलस्क्रूवर सरकणारं, आणि सगळ्यांत महाग. मी आठ दिवस शब्दांशी झटले. 'बॅकलॅश'ला काय म्हणायचं? मी लिहिलं, 'दिशा बदलताना स्क्रू रिकामा फिरतो तेवढं अंतर'. बाबा फोनवर म्हणाले, "प्ले म्हण की." 'रनआउट'? "आऊट. कटर आऊट फिरतो." माझी मराठी विस्तवावरून चालल्यासारखी जपून पावलं टाकत होती आणि त्यांची कारखान्यात कधीचीच पोचली होती.

'पॉकेट'वर मात्र आमचं जुंपलं. पूलच्या टेबलाला पॉकेट असतं, आणि पान बसवायला लाकडात जो खळगा कोरायचा त्यालाही मशीनवाले पॉकेटच म्हणतात. मी मोठ्या हौसेने 'कोंदण' लिहिलं. "कोंदण सोनाराचं," बाबा म्हणाले. "त्यात खडा दाबून बसवतात, सोनं वाकतं. लाकूड वाकत नाही. हे घर. पानाचं घर." मी खोडलं.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की समजावून सांगायचं काम उलट्या बाजूने चाललंय. दांडा गोल, घराचा तळ सपाट. २६ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर १० मिलिमीटर रुंद पान बसवायचं तर पानाच्या कडेला लाकडाचा पृष्ठभाग मधल्यापेक्षा १ मिलिमीटर खाली जातो. म्हणजे मधे घर त्याहून चांगलं खोल हवं, नाहीतर नंतर लेथवर दांडा उतरवताना पानाच्या कडा उडून जातील. शिवाय बुडाचा भाग हातभर लांब. मशीनच्या दोन्ही बाजू मोकळ्या नसतील तर तो आडवा धरायचा कसा? इथेच दुसरी दोन मशीनं मागे पडू लागली. "आणि वजन किती?" वजन तिन्ही पत्रकांत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत होतं. बाबांनी मशीन आधी वजनावरून जोखलं. हलकं मशीन कटरबरोबर स्वतःच डुलतं, असं त्यांचं म्हणणं.

शेवटचा प्रश्न त्यांनी दोन दिवस मनात ठेवला असावा. "कटर गोल ना? मग टोक कसं काढणार?"

कटर गोलच. ०.८ मिलिमीटरचा नाजूक कटर घेतला तरी आतल्या कोपऱ्यात ०.४ मिलिमीटरची गोलाई राहतेच. निमुळत्या शेपटीत तर तो पुढे शिरतच नाही. टोकाचा कोन वीस अंशांचा धरला तर शेवटचे जवळजवळ २ मिलिमीटर कोरायचे राहून जातात. पान कापताना याच्या उलट: टोक हवं तेवढं अणकुचीदार निघतं, पण देठाजवळची खाच बुजरी होते. घराला जिथे अडचण नाही तिथे पानाला, आणि पानाला नाही तिथे घराला. बहुतेक लोक दोन्हीकडे थोडी गोलाई मान्य करतात, डिंकासाठी केसाएवढी फट ठेवतात आणि ती आबनुसाचा भुसा घातलेल्या काळ्या इपॉक्सीने भरतात. काळ्यात काळं दिसत नाही. अनुवादात मी हे किती वेळा केलंय ते सांगत नाही.

पण एक गोष्ट सांगायला हवी. तिसऱ्या मशीनच्या पत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: हाताच्या कौशल्याची गरज नाही. ते मी गाळलं. वीस वर्षांत मूळ लेखकाचं वाक्य मुद्दाम गाळलेलं मला आठवत नाही. कंटाळवाणी वाक्यंसुद्धा मी इमानाने आणते. हे मात्र बाबांना मराठीत ऐकवेना. हात कापत असताना तर नाहीच.

मशीन यायच्या आठवड्यात मी जबलपूरला गेले. बाबा चहा घेता घेता म्हणाले, "पहिल्या पानावरची ओळ तू सांगितली नाहीस." मी काही बोलेना. "अगं, चाळीस वर्षं ड्रॉइंगं वाचली इंग्रजीत. स्किल म्हणजे काय ते कळतं मला." मग जरा थांबून, "तुझ्या पुस्तकांतही असं करतेस का?"

"नाही हो, बाबा."

"मग इथे का केलंस?"

भावाने तेवढ्यात पडवीतून हाक मारली म्हणून मी सुटले.

मशीन बसवल्यावर पहिल्या दिवशी तीन कटर मोडले. शिंपला ठिसूळ, घाई केली की कटर जातो, नाहीतर शिंपला जातो. त्याची धूळ छातीला वाईट, म्हणून बाबांनी भावाला मास्क लावायला लावून पाण्यात कापायला सांगितलं. एकदा फाइल मिलिमीटरमधली आणि मशीन इंचांवर राहिलं. पान २५.४ पट मोठं काढायला निघालेलं मशीन कडेला जाऊन धडकलं. बाबा एवढे हसले की त्यांना खोकला आला. तिसऱ्या दिवशी आबनुसाच्या दांड्यात पहिलं घर स्वच्छ उतरलं, शेपटीच्या टोकाचे २ मिलिमीटर सोडून.

भाऊ म्हणाला, गिऱ्हाइकाला विचारलं होतं, टोक गोल असलं तरी त्याला चालतंय. उलट तसंच जरा मॉडर्न वाटतंय म्हणे.

बाबांनी भिंग लावून घर पाहिलं. पटाशी हातात घेतली, मनगट शिकंज्यावर टेकवलं, थोडा वेळ तसेच बसले. मग पटाशी खाली ठेवली. "आज नाही. सकाळी हात बरा असतो. दांडा शिकंज्यातून काढू नकोस."

सकाळी सहाला माझी हावड्याची गाडी होती. निघताना पडवीत दिवा लागलेला होता आणि बाबा दगडावर पटाशी घासत होते.