सव्वीसचा पाढा

आमच्या लहानपणी सुट्ट्या दोनच: दिवाळीची आणि मे महिन्याची. नाताळ म्हणजे एक दिवस शाळा बंद, संपलं. पुढे आमची मुलं इंग्रजी माध्यमात गेली आणि घराचं पंचांगच बदललं. दिवाळीची सुट्टी आखडली, डिसेंबरअखेरचे आठ-दहा दिवस मोकळे मिळू लागले. ऑफिसातली उरलेली कॅज्युअल लीव्ह ३१ डिसेंबरला तशीही वाया जाणार असायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी पुण्या-ठाण्या-नाशकातली नोकरदार घरं मुलाबाळांसह परदेशी निघाली, ती शाळेची सुट्टी आणि ऑफिसची रजा अशी जुळली म्हणून.

युरोप हा मे महिन्यातला. डिसेंबरात तिथल्या थंडीत आणि चार वाजताच पडणाऱ्या अंधारात पोरं घेऊन कोण जाणार? म्हणून हिवाळ्यात सिंगापूर-मलेशिया, बँकॉक-पट्टाया, नाहीतर दुबई. दुबईत १९९६पासून शॉपिंग फेस्टिव्हल सुरू झाला होता, त्याचं नाव बायकांच्या भिशीपर्यंत पोचलं होतं. रविवारच्या पुरवणीत केसरी, राजाराणी, एसओटीसी यांच्या पानभर जाहिराती यायच्या. त्या आम्ही आधी गंमत म्हणून वाचायचो, मग हळूच कात्री लावून ठेवायचो.

ऑफिसच्या एलटीसीवर, म्हणजे प्रवास-सवलतीवर, काश्मीर आणि कन्याकुमारी करून झालं होतं, पण ती सवलत देशाच्या सीमेपाशी संपते. परदेश म्हणजे सगळा खर्च आपल्या खिशातून, आणि एवढा खर्च करायला आमच्यासारख्या घरांना कारण लागायचं. ते तयार होतं: ‘मुलांना जग दाखवायचंय.’ स्वतःच्या हौसेसाठी विमानाचं तिकीट काढणं आम्हाला जड गेलं असतं. आमच्या आई-वडिलांनी काशीसुद्धा रिटायर झाल्यावर केली. मुलांच्या नावावर मात्र सगळं खपायचं. शाळेचं डोनेशन खपलं, पोहण्याचा क्लास खपला, तसंच सिंगापूरही खपलं. खरं म्हणजे पासपोर्ट आमचाही पहिलाच होता. पस्तिशी-चाळिशीतले आम्ही आणि कडेवरचं पोर, दोघंही एकाच रात्री पहिल्यांदा ढगांच्या वर गेलो.

परदेश त्याआधी घरात आला होता तो पुस्तकांतून. पुलंची ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ घरोघरी होती आणि सिंगापूर म्हटलं की मोठ्यांना आधी ‘पूर्वरंग’च आठवायचं. पण पुलं आणि सुनीताबाई दोघंच हिंडले. दोन वर्षांच्या मुलाला विमानात जुलाब लागले तर काय करायचं, हे कोणत्याही प्रवासवर्णनात सापडलं नाही. ते ज्ञान आमच्या पिढीला शेजारणीकडून मिळालं: विमान उतरायला लागलं की मुलाला बाटली द्या, चोखत राहिलं की कान दुखत नाहीत.

कागदपत्रांपासून सहल सुरू व्हायची. २६ जानेवारी १९८९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागायचा. तो शोधून काढला की अनेक घरांत कळायचं, नावाची जागा कोरी आहे. बारसं थाटात झालेलं, आत्याबाईंनी कानात नाव सांगितलेलं, फक्त ते महापालिकेला कुणी कळवलेलं नव्हतं. मग वॉर्ड ऑफिसच्या खेपा. पोलीस व्हेरिफिकेशनला घरी आलेल्या हवालदाराला चहा, साक्षीला शेजारचे काका. व्हिसासाठी लागणारा फोटो हा तर फोटोग्राफरच्याच परीक्षेचा प्रकार. मागे पांढरा पडदा, मूल समोर बघणारं, तोंड मिटलेलं, डोळे उघडे. आणि मूल दीड वर्षाचं.

तिकिटाच्या हिशोबात वयाला फार महत्त्व होतं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसायचं आणि त्याला साधारण दहा टक्के भाडं पडायचं. त्यामुळे ‘धाकट्याला दोन पुरी व्हायच्या आत जाऊन येऊ’ असं म्हणून घाईनं निघालेली कितीतरी घरं होती. परकीय चलनाची धास्ती वेगळीच. फेरा कायद्याच्या काळात वाढलेल्या आमच्या वडिलांना घरात डॉलर आहेत हेच धोक्याचं वाटायचं. १ जून २०००ला फेरा जाऊन फेमा आला, तरी त्यांची चौकशी थांबेना: ‘पावती घेतली आहेस ना?’ पैशांचा मोठा भाग ट्रॅव्हलर्स चेकमध्ये. एक सही घेताना, दुसरी मोडताना, आणि दोन्ही जुळल्या पाहिजेत. परदेशी काउंटरवर आपलीच सही आपल्याला जमत नाही, हा अनुभव अनेक गृहस्थांच्या खाती जमा आहे.

सामान माणशी वीस किलो. बॅग हातात धरून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. बॅगेत काय नसायचं? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिवडा, नाचणीचं सत्त्व, पाणी उकळायची इलेक्ट्रिक किटली, मुलांचं तापाचं औषध, ओव्याची पुरचुंडी. शिवाय सर्वांत वर, कपड्यांत गुंडाळलेला प्लॅस्टिकचा मग. तो का न्यायचा हे सहलीला जाऊन आलेल्यांनी दबक्या आवाजात सांगितलेलं असायचं. ‘हिवाळा आहे’ म्हणून आजीनं विणलेले स्वेटर आणि कानटोप्याही जायच्या. सिंगापुरात डिसेंबर हा वर्षातल्या सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक असतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस रोज दुपारी हजेरी लावतो आणि उकाडा मात्र हटत नाही. ते स्वेटर बॅगेतून बाहेर आले ते थेट घरी परतल्यावर.

विमान नेहमी रात्रीचं. पुण्याहून संध्याकाळीच टाटा सुमो करून मुंबईला, सहार विमानतळावर. पोचवायला दहा माणसं, कुंकू, नारळ, हातावर दही. आत गेल्यावर इमिग्रेशनचा फॉर्म. तो प्रत्येकाचा वेगळा भरायचा, तान्ह्या बाळाचासुद्धा. ‘व्यवसाय’ या रकान्यात बाळाचं काय लिहायचं यावर नवरा-बायकोची कुजबुज व्हायची. निघतानाचा तो फॉर्म भारतीयांना २०१७पर्यंत सुटला नाही.

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. याचा अर्थ काय, ते फक्त लहान मुलं घेऊन गेलेल्यांनाच कळलं. सकाळी सातला टूरची बस निघणार, म्हणजे मुलांच्या अंगातल्या घड्याळात साडेचार. झोपलेली पोरं खांद्यावर टाकून ब्रेकफास्टला. उलट रात्री दहाला नाइट सफारीच्या ट्राममध्ये मोठी माणसं पेंगायची आणि मुलं टक्क जागी, कारण त्यांच्या लेखी अजून साडेसातच वाजलेले असायचे.

तिथं आम्ही पहिल्यांदा बाबागाडी वापरली. ती आमच्याकडेही होती, कुणीतरी बारशाला दिलेली, पण पुण्याच्या फुटपाथवर ती चालवायची कुठं? ती माळ्यावरच राहिली. सिंगापुरात प्रत्येक फुटपाथ कोपऱ्याशी उतरता होत रस्त्याला मिळायचा, स्टेशनात लिफ्ट होती, मॉलमध्ये बाळाचा लंगोट बदलायला वेगळी खोली होती. चकाचक इमारतींचं कौतुक आम्ही फोटोंत केलं. पण पाठ मोडेपर्यंत मुलं कडेवर वागवलेल्या आयांना त्या शहराचा मोठेपणा पटला तो त्या उतरत्या फुटपाथवर. शहर बांधताना कुणीतरी मूल आणि त्याची आई डोळ्यांसमोर ठेवली होती, ही गोष्ट आमच्यासाठी नवी होती.

शिस्तीचाही उपयोग झाला. १९९२पासून तिथं च्युइंग गम विकायला बंदी, कचरा टाकला तर दंड. आमच्याकडच्या बागुलबुवाला मुलं कधीच दाद देईनाशी झाली होती. तिथल्या दंडानं मात्र ती आठवडाभर सरळ वागली.

मुलांना बर्फ दाखवायची हौसही डिसेंबरातच भागली, आणि तीही विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. २०००मध्ये सिंगापुरात ‘स्नो सिटी’ उघडली: एक मोठा बंद हॉल, आत शून्याखाली तापमान आणि यंत्रानं केलेला बर्फ. बाहेर घामाच्या धारा, आत भाड्याचं जॅकेट आणि दोन मापं मोठे बूट. २००५मध्ये दुबईच्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये ‘स्की दुबई’ आलं आणि वाळवंटातही बर्फाची सोय झाली. हिवाळी सुट्टीतला आमच्या मुलांचा हिवाळा असा तिकीट काढून, ठरल्या वेळेपुरता मिळाला.

खाण्याच्या बाबतीत टूरचं आमिष मोठं होतं. सिंगापुरात वरणभात, क्वालालंपूरला श्रीखंड. तरी मुलांचं पोट भरायचं ते सिंगापूरच्या सेरंगून रोडवर. कोमल विलासचा डोसा केळीच्या पानावर आला की पोरांचे आणि आजीचे चेहरे एकदमच उजळायचे. आजी बरोबर असायचीच. साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या आज्या हे त्या काळच्या सेंटोसा बेटावरचं नेहमीचं दृश्य. एस्कलेटर आला की त्या थबकायच्या, नातू त्यांचा हात धरून वर न्यायचा. त्या जिन्यावर नातवाचं वय आजीपेक्षा जास्त असायचं.

पैसे मात्र कुणाच्याच डोक्यातून जात नसत. सिंगापूर डॉलर तेव्हा पंचवीस-सव्वीस रुपयांना. पाण्याची बाटली दोन डॉलर: बावन्न रुपये! आइस्क्रीम तीन डॉलर: अठ्ठ्याहत्तर. शाळेत पावकी-निमकी पाठ केलेल्या बापाला सव्वीसचा पाढा कधी नव्हे तो उपयोगी पडला. पोरंही शिकली. बाहुली हातात घ्यायची, किंमत बघायची, ओठ हलवायची आणि निमूट परत ठेवायची. बचतीचा यापेक्षा परिणामकारक धडा आम्हाला घरी कधी देता आला नव्हता. शेवटच्या रात्री मुस्तफा या दुकानात हा पाढा सैल व्हायचा. किलोकिलोनं चॉकलेट, सांधेदुखीवरचं हिरवं तेल, इमारतीतल्या प्रत्येक घरासाठी मरलायनची किचेन. जे दिसेल ते ‘सगळ्यांना द्यायला’.

सगळेच डिसेंबर असे हसण्यावारी गेले नाहीत. २६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी त्सुनामी आली तेव्हा थायलंडमध्ये मराठी कुटुंबंही होती. बहुतेक सगळी बँकॉक-पट्टायाला, आणि पट्टायाच्या किनाऱ्याला त्या लाटेनं धक्का लावला नाही, कारण तो थायलंडच्या आखातात आहे. लाट आदळली ती पश्चिमेला, फुकेतच्या बाजूला. पण टीव्हीवर ‘थायलंड’ एवढंच ऐकलेल्या घरच्यांना कुठलं आखात? संध्याकाळपर्यंत फोन लागले नाहीत त्या घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी काहींनी महाबळेश्वर केलं.

आता ते अल्बम काढले की एक गोष्ट लक्षात येते. छत्तीस फोटोंच्या रोलवर जपून जपून काढलेल्या त्या फोटोंतल्या कितीतरी जागा आता उरलेल्याच नाहीत. सेंटोसावरचं अंडरवॉटर वर्ल्ड २०१६मध्ये बंद झालं. त्याच बेटावरचा ३७ मीटर उंच मरलायनचा पुतळा २०१९मध्ये पाडायला घेतला. जुरोंगचं पक्षी उद्यान २०२३च्या जानेवारीत मिटलं, पक्षी मंडाईला हलवले. मुलांना दाखवलेलं जग मोडून नवं बांधूनही झालं.

आणि मुलांना त्यातलं आठवतं तरी काय? चार वर्षांच्या आतल्यांना काहीच नाही. थोड्या मोठ्यांना हॉटेलची लिफ्ट, बाथटबमधला फेस, ब्रेकफास्टचे रंगीत सीरियल, आणि ‘बाबांचा पासपोर्ट हरवला म्हणून आई रडली, मग तो आजीच्या पिशवीत सापडला’ एवढं. त्यावर कुणी म्हणतं, मग एवढा खर्च वाया गेला. आम्हाला तसं वाटत नाही. ज्यांना आठवायचं त्यांना सगळं आठवतं. मुलांच्या नावानं काढलेली ती सहल मुळात आमचीच होती. मुलं आमची परवानगी होती. मुलांना मिळालं ते इतकंच, की घरच्या कपाटात दागिन्यांशेजारी पासपोर्ट असतो, हे त्यांनी समज आल्यापासून पाहिलं. परदेश हा शब्द त्यांच्यासाठी कधी मोठा झालाच नाही. पुढे त्यांतली कितीतरी एमएससाठी गेली, ती सहज, आणि राहिलीही सहज.

म्हणून आता हिवाळी सुट्टीची दिशा उलटी झाली आहे. डिसेंबरात ती येतात, न्यू जर्सीहून, सिडनीहून, लहान मुलं घेऊन. नातवाचा पासपोर्ट अमेरिकेचा, सोबत ओसीआय कार्ड. आता प्रवासात औषधांची पिशवी त्यांची असते आणि उकळलेलं पाणी आमचं. अमेरिकेतली नातवंडं रात्री दोनला टक्क जागी असतात, कारण न्यू यॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे. त्यांना घेऊन गॅलरीत बसायचं काम आजोबांचं. त्यांच्या अल्बमात रिक्षा आहे, गाय आहे, कोपऱ्यावरचा उसाचा रस आहे. बाबागाडी घेऊन आलेली सून पहिल्याच दिवशी आमच्या फुटपाथपुढे हात टेकते आणि ती गाडी माळ्यावर जाते, आमच्या जुन्या गाडीशेजारी.

फरक हिशोबात. आम्ही गुणाकार करत हिंडलो, ही मुलं भागाकार करतात. परवा मुलगा रिक्षातून उतरला, रिक्षावाल्यानं दीडशे मागितले, त्यानं ते देऊन टाकले आणि आम्हाला म्हणाला, ‘दोन डॉलरसुद्धा नाहीत झाले, बाबा.’ आम्ही म्हटलं, ‘अरे, पण मीटरनं एकशेवीसच होतात.’