मुलाची लघवी तपासण्याआधी

दहावी-अकरावीतल्या मुलांचे आई-वडील कधी कधी एकटेच दवाखान्यात येतात आणि हळू आवाजात विचारतात, "डॉक्टर, त्याला कळू न देता लघवी तपासता येईल का? नशेची शंका येतेय."

मी अशी चोरून तपासणी करत नाही. एक तर तिला मर्यादा आहेत. अधूनमधून ओढलेला गांजा काही दिवसच लघवीत सापडतो. व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्युशन हुंगले असेल, तर नेहमीच्या तपासणीत कळतच नाही. आणि मुलाला हे समजले, की तो आणखी लपवायला शिकतो.

स्वीडनमधल्या स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी १४ वर्षांची ७०३ मुले-मुली आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांविषयी पालकांना जे ठाऊक होते, ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेले होते; पाळत ठेवून फारसे कळले नव्हते. आपणहून सांगणारी मुले गैरवर्तनातही कमी आढळली. बोलण्यामुळेच मुले सुधारतात, असे यावरून सिद्ध होत नाही. पण घरात सांगण्याची वाट मोकळी हवी, हे मला पटते.

आपल्याकडे मुलीला "कुठे, कुणाबरोबर?" हे रोज विचारतात, मुलाला कुणी काही विचारत नाही. व्यसनाचा विषय मात्र मुलीजवळ निघतच नाही. पण आजीच्या डबीतली मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासता घासता तिचीही सवय लागते. म्हणून दोघांशीही बोला.

"तोंड उघड, वास बघू" असे म्हणण्यापेक्षा "तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ओढतं का? तुला कधी दिलं होतं का?" असे विचारा. उत्तर पूर्ण ऐका. लगेच ओरडलात, तर पुढच्या वेळी उत्तर मिळणार नाही. "आपल्या घरात हे चालणार नाही" हे जरूर सांगा, पण शांतपणे. आणि ते सांगताना आपल्या हातात तंबाखूची पुडी नको.

मूल हाक मारूनही उठत नसेल, झटके येत असतील किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर गप्पांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात न्या. एरवी बोलायला सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर विचारा, किंवा मुलाला सांगून, त्याला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे या.