कोपराला गूळ

गेल्या दिवाळीत आमच्या घरी चकल्या झाल्या, त्या माझ्यावाचून. आई पीठ मळते, सौभाग्यवती तळते आणि सोऱ्या दाबण्याचे मर्दानी काम माझ्याकडे असते. त्या दिवशी दोन चकल्या पाडल्या आणि तिसरीच्या दुसऱ्या वेढ्याला उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाने अशी कळ निघाली, की सोऱ्या परातीत आणि मी भिंतीशी. आई म्हणाली, "कामाच्या वेळी दुखणी काढायची सवय त्याची लहानपणापासूनची."

खरे म्हणजे दुखणे श्रावणापासूनचे होते. फळ्यावर लिहिताना दुखे, वह्या तपासताना दुखे, पुढेपुढे चहाचा कप उचलतानाही दुखू लागले. मी कादंबरी हाताने लिहितो. पाचव्या प्रकरणात नायिका स्टेशनवर येऊन उभी होती आणि तिला गाडीत बसवण्याइतके बळ माझ्या मनगटात नव्हते.

डॉक्टरांनी कोपरावर एके ठिकाणी बोट दाबले, मी ओरडलो आणि निदान झाले: टेनिस एल्बो. मी जन्मात टेनिसची रॅकेट हाती धरलेली नाही. पण २००४ साली सचिन तेंडुलकरला हेच दुखणे झाले होते, हे आठवून मनाला जरा बरे वाटले. पुढे वाचनात आले, की १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने या दुखण्याची नोंद केली, ती लिहिणाऱ्यांच्या हाताचा विचार करताना. टेनिसचे नाव त्याला मागाहून चिकटले. म्हणजे मूळचा मान आम्हां लेखकांचा!

डॉक्टर समजावून सांगू लागले. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकला तुटला, तरी एवढे कळले, की स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, जिला कंडरा म्हणतात, ती वापरून वापरून विसविशीत होते. तिला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून डागडुजी रेंगाळते. त्या डागडुजीला चेतवण्यासाठी इंजेक्शने निघाली आहेत. एक साखरेच्या दाट पाण्याचे. जॉर्ज हॅकेट या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९५६ सालच्या आपल्या पुस्तकात या पद्धतीला प्रोलोथेरपी असे नाव दिले. मुद्दाम थोडा दाह करायचा, म्हणजे शरीर दुरुस्तीला धावते, अशी त्यामागची कल्पना. कोपराला गूळ लावणे हा वाक्प्रचार मी वीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. त्याचा असा औषधी उपयोग होत असेल, हे कधी मनात आले नव्हते.

दुसरे इंजेक्शन आपल्याच रक्ताचे. मी तेच निवडले. त्यात काहीतरी कादंबरीसारखे होते. डाव्या हातातून काढलेल्या रक्ताच्या नळ्या एका यंत्रात गरगर फिरवल्या. बाहेर आल्या तेव्हा खाली लाल, मध्ये पांढुरकी रेघ आणि वर फिकट पिवळा द्रव. रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, प्लेटलेट्स, एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असतात. त्या गोळा करून दुखऱ्या जागी सोडायच्या. त्यांच्या पोटात वाढीला चालना देणारी द्रव्ये असतात, ती कंडरेला सांधतील, ही आशा. खर्च माझ्या गेल्या कादंबरीच्या मानधनाहून अधिक झाला. सुई आत गेली तेव्हा मानधनाचाही विसर पडला.

चारपाच दिवस हात पहिल्याहून जास्त ठणकला. मग डॉक्टरांनी व्यायाम सांगितला: पिशवीत किलोभर तांदूळ घ्यायचे, हात टेबलावर टेकून तळवा खाली ठेवायचा, डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर उचलायचे आणि उजव्याने सावकाश, अगदी सावकाश खाली सोडायचे. तीन महिने, रोज. मी ते इमानाने केले. चैत्रात नायिका गाडीत बसली. मी ज्याला त्याला इंजेक्शनाची कथा सांगू लागलो आणि दर खेपेला ती थोडी अधिक रंगू लागली.

जूनमध्ये शाळा उघडली. मधल्या सुट्टीत आमचे शिपाईमामा वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. बाके उचलून, पाण्याच्या बादल्या वाहून त्यांचाही कोपर गेला होता. घंटा डाव्या हाताने देत होते. म्हणाले, "सर, तुमच्यासारखं इंजेक्शन घ्यावं म्हणतो. पतसंस्थेतून कर्ज काढतो. तुम्ही म्हणाल तर."

"तुम्ही म्हणाल तर" या तीन शब्दांनी माझी झोप उडवली. माझा भाचा वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्याला घेऊन बसलो. त्याने २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा दाखवला. टेनिस एल्बोवरच्या ३२ चाचण्या, २३०० हून अधिक रुग्ण. काहींना रक्ताचे खरे इंजेक्शन, काहींना नुसते लुटुपुटीचे. वेदनेत आणि हाताच्या कामात, दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या २८८ जणांच्या झिजलेल्या गुडघ्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथेही वर्षानंतर रक्तातला पिवळा द्रव आणि मिठाचे पाणी यांच्यात निवड करता येईना. "आणि मामा," भाचा म्हणाला, "हे दुखणं बहुतेकांचं वर्षभरात आपोआपच बरं होतं."

मी डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "हे मी तुम्हांला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हांला थांबायचं नव्हतं." आणि आठवले, खरेच सांगितले होते. माझ्या कथेत ते वाक्य गळाले होते. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणाचा धागा ओवणे हा आम्हां कादंबरीकारांचा धंदा. कागदावर त्याने कोणाचे नुकसान होत नाही. मामांच्या पासबुकावर झाले असते.

दुसऱ्या दिवशी मामांना म्हटले, "मामा, मला बरं वाटलं हे खरं. पण ते इंजेक्शनानंच वाटलं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कर्ज काढू नका. डॉक्टरांना दाखवू आणि व्यायाम करून बघू."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः घेतलंत, सर. आणि मला तांदळाची पिशवी सांगता."

या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. पण डॉक्टरांना दाखवून आले, आणि रोज मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलाशी बसून मनगट वरखाली करू लागले. त्यांना एकटे वाटू नये म्हणून मीही माझी पिशवी घेऊन समोर बसू लागलो. मुले खिडकीतून पाहत आणि हसत.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी लांबलचक घंटा झाली. मी व्हरांड्यात आलो. मामांनी ती उजव्या हाताने दिली होती.

"दुखलं का?" मी विचारले.

"थोडं धरतं अजून," ते म्हणाले. "पण हप्ता नाही डोक्यावर."

परवा आमच्या घरी चकल्या झाल्या. सोऱ्या माझ्याकडे होता. मी पुरत्या दोन घाण्यांच्या चकल्या पाडल्या. तिसऱ्या घाण्याला आईने सोऱ्या माझ्या हातून काढून घेतला. "पुरे आता," ती म्हणाली, "कादंबरी राहिली आहे ना तुझी?"