आप्पांची माडी

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, आता यंत्रच निबंध लिहितं, गणितं सोडवतं. मग उद्या तुम्ही काय करणार?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण पोटात गोळा आलाच!

मला आमचे आप्पा आठवले. सदाशिव पेठेत एका वाड्याच्या माडीवर ते टायपिंग शिकवत. आठ यंत्रं, सकाळी सहापासून नुसता खडखडाट! गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, हे ते अगदी घरचं कार्य असल्यासारखं सांगत. पुढे जिकडेतिकडे संगणक आले. 2009 मध्ये शिरवळच्या कारखान्यात टाइपरायटर बनवणं थांबलं. आप्पांची माडी त्याआधीच ओस पडली होती. भंगारवाल्याने यंत्रं वजनावर नेली, त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. 'माणूस काय, घेतो जुळवून,' असं कुणी सहज म्हटलं की मला अजून राग येतो.

गंमत म्हणजे, संगणकावरची इंग्रजी अक्षरं मात्र टाइपरायटरच्याच क्रमाने बसलेली! आप्पांच्या विद्यार्थ्यांची बोटं त्यावर भराभर चालू लागली. त्यांना नोकऱ्या मिळाल्या. आप्पांकडे शिकायला मात्र कुणी आलं नाही.

म्हणून त्या मुलीला मी थाप मारली नाही. "खरंच माहीत नाही गं," म्हटलं.

तिने जरा विचार केला आणि वही पुढे केली. "मग आजचा निबंध तरी तुम्हीच तपासा."

पहिल्याच ओळीत तिने 'आणी' लिहिलं होतं. मी लाल पेन काढलं.