पुस्तकात नसलेला प्रश्न



पाठ्यपुस्तक हाती असणे आणि त्यातून शिकणे यांतील अंतर मला प्रथम जाणवले ते एका मकतबात. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी मराठी शाळा सुटल्यावर मुले सायंकाळी मशिदीलगतच्या खोलीत जमत. तेथे मी काही वर्षे शिकवीत असे.

नूरानी कायदा हे तेथील पहिले पुस्तक. सुटी अक्षरे, मग जोडून लिहिलेली अक्षरे, मग जबर, जेर, पेश अशा पायऱ्यांनी ते मुलांना कुराणाच्या वाचनापर्यंत नेते. परंतु आपल्या कानांना एकच ‘स’ वाटणारे ‘से’, ‘सीन’ आणि ‘साद’ वेगळे उच्चारण्यासाठी समोर बोलणारा शिक्षक लागतो. पुस्तकाची ही मर्यादा मला ठाऊक होती. दुसरी एका मुलीने दाखवली.

दीनियातचे आमचे पुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. जकातीचा धडा तिला तोंडपाठ होता. ‘चाळिसावा हिस्सा’ हे उत्तर तिने तत्काळ दिले. मी विचारले, “जकात लागू होणारी रक्कम १ लाख रुपये असेल, तर किती द्यायचे?” ती गप्प राहिली. मी रागावले. मान खाली घालून ती म्हणाली, “आपा, हा प्रश्न पुस्तकात नाही.”

रात्री राग ओसरल्यावर ध्यानी आले, की शाळेत हीच मुलगी शेकडेवारीची उदाहरणे सहज सोडवते. तिच्या दप्तरातील दोन पुस्तकांची परस्परांशी ओळख कोणी करून दिली नव्हती आणि ते काम माझे होते. दुसऱ्या दिवशी मी गणिताचे पुस्तक शेजारी उघडायला सांगितले. चाळिसावा भाग म्हणजे शेकडा अडीच, म्हणजे २,५०० रुपये. तिचा चेहरा उजळला.

पुढे मी एक नेम ठेवला. धडा संपला की पुस्तक मिटायचे, घरी आजीला तो आपल्या बोलीत समजावून सांगायचा आणि तिने विचारलेला प्रश्न वर्गात आणायचा. ‘डोक्यावर कर्ज असेल तर?’ हा प्रश्न असाच एका आजीकडून आला. मुले उत्तरासाठी पुस्तक पुन्हा उघडू लागली. त्या मुलीची क्षमा मात्र मी कधी मागितली नाही. ती मागायला हवी होती.

तुम्ही ही पुस्तिका बहुधा एकट्याने, दिवसभराच्या कामानंतर वाचत असाल. घटक संपल्यावर ती मिटा आणि घरातील कोणाला तरी त्यातले सांगून पाहा. त्यांनी विचारलेला प्रश्न पुस्तिकेत नसेल, तर तो समासात लिहून ठेवा. तुमचा खरा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होईल.