झरोक्यातले बिऱ्हाड

सेमिनरीत असताना रात्रीच्या प्रार्थनेपासून दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सापर्यंत आम्हाला मौन पाळावे लागे. या काळात शेजारच्या खाटेवरील सोबत्याचे घोरणे, पत्र्यावरचा पाऊस आणि पहाटे पक्ष्यांचा कलकलाट, सारे काही चालत असे. बंदी होती ती फक्त आमच्या जिभेवर. त्या शिस्तीचा हा साधा अर्थ पुढे कित्येक वर्षे आमच्या ध्यानात आला नव्हता. तो शहापुरात एका चिमणीने समजावून दिला. तीच हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शहापुरातील आमच्या निवासाच्या मागील बाजूस एक कौलारू, अडगळीची खोली आहे. गायनवृंदाची गीते आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी शास्त्रवाचने ध्वनिमुद्रित करावीत, या हेतूने ती आम्ही साफसूफ केली. भिंतींना काथ्याच्या जुन्या गाद्या आणि गोधड्या टांगल्या, खिडकीला जाड पडदा लावला. एका हितचिंतकाने चांगला मायक्रोफोन दिला. टाळी वाजवून पाहिली, तर घुमणे नाहीसे झालेले! आपला स्टुडिओ तयार झाला, असे वाटले. मग हेडफोन कानाला लावून पहिले वाचन सुरू केले आणि दुसऱ्याच वाक्याला चिवचिवाट ऐकू आला. छताखालच्या झरोक्यात चिमण्यांनी बिऱ्हाड थाटले होते, आणि त्यासाठी काथ्या आमच्याच गादीतून उपसला होता.

तो प्रायश्चित्तकाळ होता. पवित्र सप्ताहाची गीते लवकर तयार करून द्यायची होती. मदतीला आलेला तरुण स्टुलावर चढून म्हणाला, “फादर, दोन मिनिटांचं काम आहे.” आम्ही मान हलविली. घरट्यात चार अंडी होती, पांढुरकी, करड्या ठिपक्यांची. ते घरटे तसेच उचलून अंगणातील पेरूच्या झाडावर ठेवले. चिमणी आपले घरटे ओळखून तेथे जाईल, अशी आमची भाबडी समजूत होती. ती गेली नाही. संध्याकाळपर्यंत ती झरोक्याशी येई, आत डोकावे आणि परत जाई. गीते उत्तम मुद्रित झाली, लोकांनी वाखाणलीही. आम्हाला मात्र दोन कडव्यांमधली ती स्वच्छ शांतता ऐकवेनाशी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे हेसुद्धा ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत घातले आहे, हे पुढे वाचनात आले. पण मन खट्टू होण्यासाठी कायदा वाचावा लागला नव्हता.

त्यानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. गोधड्या आणि गाद्या खोलीतील आवाजाचे घुमणे शोषून घेतात, बाहेरचा आवाज मात्र त्या अडवीत नाहीत. त्यासाठी भिंत जड हवी आणि फटी बुजलेल्या हव्यात. चिमणीला ज्या भोकातून वाट मिळते, त्याच भोकातून आवाजही आत येतो. म्हणजे तिने आमच्या कामातील उणीवच दाखवून दिली होती. संगणकावर चिवचिवाट गाळून टाकावा म्हटले, तर तेही सोपे नाही. मोटारीची किंवा पंख्याची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती कापता येते. चिमणीचा आवाज मात्र सेकंदाला काही हजार कंपनांचा, आणि आपल्या ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांची धारही नेमकी त्याच भागात. चिमणी पुसू जावे तर शब्द बोथट होतात.

अंडी उबण्यास साधारण १२ ते १४ दिवस आणि पिल्ले उडून जाण्यास आणखी सुमारे दोन आठवडे लागतात. एका हंगामात एकच जोडी दोन-तीन वेळा अंडी घालू शकते. तेव्हा झरोका बुजवायचा तर वीण सुरू होण्याआधी, घरटे रिकामे असतानाच बुजवावा. एकदा अंडी पडली की थांबावे, हा शहाणपणाचा मार्ग.

संत फ्रान्सिस आल्व्हियानो या गावी प्रवचन करीत असता तेथे घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांच्या गोंगाटाने त्यांचे शब्द कोणाला ऐकू येईनात, अशी कथा चेलानोच्या थॉमस यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. संतांनी पाकोळ्यांना ‘भगिनींनो’ अशी हाक मारून प्रवचन संपेपर्यंत गप्प राहण्याची विनंती केली आणि त्या गप्प राहिल्या. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पर्यावरणप्रेमींचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. आमच्या अंगी ते सामर्थ्य कोठून असणार? पण या कथेतील एक गोष्ट आम्हाला पुन्हा वाचताना जाणवली. संतांनी काठी मागविली नाही, विनंती केली. आणि तीही प्रवचन संपेपर्यंतच.

पुढील वर्षी झरोका बुजविण्याचे आम्ही चक्क विसरलो. चैत्रात पाहतो तो पिल्ले चोची वासून बसलेली. नेमके त्याच आठवड्यात आमच्याकडे एक पाहुणी यायची होती. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूच्या एका गावी, कुणबी घरातील एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढचे. जात्यावरच्या ओव्यांचे भांडारच त्यांच्यापाशी होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’साठी ज्या ओवीचा आश्रय घेतला, तिचे घरगुती रूप ऐकावे, अशी आमची फार दिवसांची इच्छा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या मोठ्या राशीत आपल्या भागातील चार दाणे टाकावेत, एवढेच मनात होते. आजींचा नातू त्यांना मुरबाडहून सरळगाव-किन्हवली मार्गे शहापूरला आणणार होता.

घरटे काढावे की आजींना थांबवावे? मदतनीस तरुण पुन्हा स्टूल घेऊन आला. या वेळी आम्ही नकार दिला आणि आजींना पंधरा दिवसांनंतरचा दिवस कळविला. त्या रात्री आम्ही स्वतःवर बरेच प्रसन्न होतो, हे कबूल केले पाहिजे.

ठरल्या दिवसाआधी नातवाचा निरोप आला. आजींना दम्याचा जोर झाला होता, प्रवास शक्य नव्हता. पिल्ले तोवर उडून गेली होती आणि खोली अगदी निःशब्द झाली होती, पण तीत गायला कोणी नव्हते. तेव्हा मायक्रोफोन पिशवीत घालून आम्हीच मुरबाडकडे निघालो.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. जात्याशिवाय ओवी आठवत नाही, म्हणाल्या. म्हणून सुनेने जाते मांडले आणि मूठभर नाचणी घातली. सून जाते ओढू लागली, आजींनी खुंट्यावर नुसता हात ठेवला. आणि वळचणीला चिमण्यांनी गलका सुरू केला! आम्ही सवयीने हात वर करून त्यांना थांबविले. आजींनी विचारले, “काय झालं, बाबा?” आम्ही वर बोट दाखविले. त्या हसल्या. “चिमण्या ओरडतात म्हणून जातं थांबतं का कधी?” म्हणाल्या आणि पुढली ओवी धरली. मध्ये खोकला येई, दम लागे. अठरा ओव्या झाल्या. “आणखी पुष्कळ आहेत, बरं वाटलं की सांगते,” असे त्या म्हणाल्या. तो योग आला नाही. पावसाळ्यात त्या देवाघरी गेल्या.

त्या पंधरा दिवसांत किती ओव्या हरवल्या, याचा हिशेब मन पुष्कळ दिवस करीत राहिले. चार पिल्लांसाठी आपण आजींच्या ओव्या गमावल्या काय? शांतपणे विचार केला तेव्हा उत्तर वेगळेच मिळाले. चिमणीने काहीच हिरावून घेतले नव्हते. पहिल्याच दिवशी पिशवी उचलून आम्ही आजींच्या ओट्यावर जाऊ शकलो असतो. ते सुचले नाही, कारण आम्हाला आजींच्या ओव्यांइतकीच आपल्या खोलीतील शांतता प्रिय झाली होती. जी ओवी जन्मभर पहाटेच्या किलबिलाटात गायिली गेली, ती गोधड्यांच्या भिंतीत आणून बसविण्याचा हट्ट आमचा होता. पहिल्या वर्षी त्या हट्टापायी अंडी गेली, दुसऱ्या वर्षी ओव्या.

पक्ष्याचा आवाज प्रथम मुद्रित झाला तो १८८९ साली, असे मानतात. जर्मनीतील लुडविग कोख या लहान मुलाने वडिलांनी दिलेल्या फोनोग्राफवर पिंजऱ्यातील शामा पक्ष्याचे गाणे टिपले. शामा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दाट रानातही गाणारा पक्षी. जो आवाज त्या मुलाने कौतुकाने मेणाच्या नळकांड्यावर जपला, त्याच जातीचा आवाज आम्ही स्टुलावर चढून घालवू पाहत होतो!

आजींच्या वर्षश्राद्धाला नातवाच्या मागणीवरून त्या अठरा ओव्या घरात लावल्या. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. सासूबाईंच्या आवाजाआधी तिने वळचणीचा चिवचिवाट ओळखला आणि म्हणाली, “हे तर आपलंच घर!” आम्ही त्या ध्वनिमुद्रणातील काहीही गाळलेले नाही.

त्यानंतरच्या पौषात झरोका रिकामा आहे याची खात्री करून आम्ही तो आतून फळीने आणि बाहेरून जाळीने बंद केला. बाहेरच्या भिंतीवर एक लाकडी पेटी टांगली. चिमण्यांनी ती पाहिली, नापसंत केली आणि पुढच्या पडवीच्या कौलांखाली घर केले. तेथून त्यांचा आवाज स्टुडिओत क्वचितच येतो. आला, तर वाचन थांबवीत नाही.